महिन्याचा आकडा आणि पेढीचा रोजमेळ

१७ डिसेंबर २०२४ ची सकाळ. पश्चिम महाराष्ट्रातील एका जुन्या सराफी पेढीवर नुकतीच गादी घातली गेली होती. काका चष्मा पुसत बसले होते आणि पुतण्या हातात वर्तमानपत्र घेऊन घाईघाईने आत आला. आदल्या दिवशी केंद्र सरकारने नोव्हेंबर महिन्याच्या आयात-निर्यातीचे आकडे जाहीर केले होते. निर्यात सुमारे ३२ अब्ज डॉलर, आयात सुमारे ७० अब्ज डॉलर आणि तूट जवळजवळ ३८ अब्ज डॉलर. त्या दिवसापर्यंत नोंदली गेलेली ती सर्वांत मोठी मासिक तूट होती. या तुटीचे मुख्य कारण सोने असल्याचे सांगितले जात होते. एका महिन्यात १४.८ अब्ज डॉलरचे सोने देशात आले, असे सरकारी पत्रक सांगत होते. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरपेक्षा ते चौपटीहून अधिक होते.

पुतण्याचे म्हणणे सरळ होते. “काका, इतके सोने आले म्हणजे सरकार गप्प बसणार नाही. जुलैमध्ये सीमाशुल्क पंधरा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आणले, ते अर्थसंकल्पात पुन्हा वाढवतील. आपण बँकेकडून उचल वाढवू आणि आत्ताच माल भरून ठेवू.”

काकांनी वर्तमानपत्र हातात घेतले नाही. त्यांनी विचारले, “गेल्या महिन्यात आपल्या दुकानातून किती सोने गेले?”

“गेल्या वर्षीपेक्षा थोडे जास्त.”

“आणि आपल्या ओळखीच्या चार पेढ्यांवर?”

“त्यांचेही तसेच असेल.”

“मग हे चौपट सोने गेले कोणाच्या तिजोरीत?”

पुतण्याजवळ उत्तर नव्हते. काकांनी दोन-तीन ठिकाणी फोन लावले, लग्नसराईची चौकशी केली आणि उचल वाढवायची नाही असे सांगून टाकले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात बातमी आली की, नोव्हेंबरचा आकडा चुकला होता. नोंदी पाठविण्याची संगणकीय व्यवस्था बदलताना काही सोने दोनदा मोजले गेले होते. सुधारित आकडा ९.८४ अब्ज डॉलर इतका निघाला. म्हणजे तब्बल ५ अब्ज डॉलरचे, त्या वेळच्या दराने चाळीस हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने कागदावर आले होते आणि कागदावरूनच परत गेले.

हा प्रसंग सांगण्याचे कारण काकांची हुशारी मिरविणे हे नाही. दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आसपास हा आकडा जाहीर होतो आणि संध्याकाळपर्यंत तो बाजारपेठेत तोंडातोंडी होतो. कोणी त्यावरून डॉलर घेतो, कोणी माल रोखून धरतो, कोणी आपल्या मुलाला एखाद्या धंद्यातून बाहेर पडण्याचा सल्ला देतो. ज्या आकड्याच्या आधाराने आपण घरातील भांडवल हलवितो, तो आकडा तयार कसा होतो आणि वाचायचा कसा, हे व्यापारी कुटुंबातील प्रत्येकाने जाणून घेतले पाहिजे. ही विद्या आपल्याला परकी नाही. रोजमेळ आणि खतावणी यांतील फरक ज्याला कळतो, त्याला ती अर्धी येतेच.

आकडा तयार कसा होतो

परदेशातून माल आला की आयातदार सीमाशुल्क विभागाकडे ‘बिल ऑफ एंट्री’ भरतो. माल बाहेर जाणार असेल तर निर्यातदार ‘शिपिंग बिल’ भरतो. न्हावा शेवा, मुंद्रा, चेन्नई यांसारखी बंदरे, विमानतळ, जमिनीवरील सीमानाके आणि विशेष आर्थिक क्षेत्रे या सर्व ठिकाणांहून या नोंदी गोळा होतात. कोलकात्यात मुख्यालय असलेले वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालय त्यांचे संकलन करते आणि वाणिज्य मंत्रालय दर महिन्याला त्यांचा गोषवारा प्रसिद्ध करते. प्रत्येक वस्तूला आठ अंकी क्रमांक असतो. हळद वेगळी, हळदीची पूड वेगळी, कच्चा हिरा वेगळा आणि पैलू पाडलेला हिरा वेगळा.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, आयात आणि निर्यात यांचे मोल एकाच मापाने होत नाही. आयातीच्या किमतीत मालासोबत विमा आणि जहाजभाडेही धरलेले असते. निर्यातीची किंमत मात्र माल जहाजावर चढेपर्यंतचीच असते. परदेशाशी व्यवहार करणाऱ्यांना ‘सीआयएफ’ आणि ‘एफओबी’ हे शब्द रोजचे आहेत. त्यामुळे तोच माल आपल्या वहीत एका किमतीचा आणि समोरच्या देशाच्या वहीत दुसऱ्या किमतीचा दिसतो. जहाजभाडे वाढले, तर एकही जादा पोते न येता आयात वाढलेली दिसते.

दुसरी गोष्ट अशी की, पंधरा तारखेला जाहीर होणारा आकडा तात्पुरता असतो. मागाहून आलेल्या नोंदी, दुरुस्त्या आणि रद्द झालेली बिले यांमुळे तो पुढे बदलतो. हा बदल बहुधा लहान असतो, पण २०२४ च्या नोव्हेंबरसारखा कधी मोठाही असतो. आपल्या पेढीवरही दिवसअखेरचा रोजमेळ आणि वर्षअखेरचा ताळेबंद यांत फरक पडतोच. रोजमेळात आज दिसणारी रक्कम उद्या चेक न वटल्यास उलटी फिरवावी लागते. म्हणून शहाणा व्यापारी रोजमेळ पाहून दिवस समजून घेतो. घराचे निर्णय मात्र खतावणी जुळल्यावर घेतो.

किंमत वाढली की वजन वाढले?

मासिक पत्रकातील बहुतेक आकडे डॉलरमध्ये असतात, वजनात नाही. सारा घोळ येथूनच सुरू होतो. सोन्याचेच पाहा. २०२३-२४ या आर्थिक वर्षात भारताने सुमारे ४५.५ अब्ज डॉलरचे सोने आणले. २०२४-२५ मध्ये ही रक्कम सुमारे ५८ अब्ज डॉलर झाली. एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. वाढ सत्तावीस टक्क्यांची आहे. हे वाचून कोणालाही वाटेल की देशात सोन्याचा पूर आला. प्रत्यक्षात आलेले वजन पहिल्या वर्षी सुमारे ७९५ टन होते आणि दुसऱ्या वर्षी सुमारे ७५७ टन. वजन घटले आणि बिल वाढले, कारण भाव वाढला. हाच आकडा वाचून एक जण म्हणेल, लोकांची सोन्याची हाव वाढली. दुसरा म्हणेल, गिऱ्हाईक हलके दागिने घेऊ लागले. काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला दुसरे उत्तर खरे आहे हे आकड्याशिवायच ठाऊक असते.

खनिज तेलाचीही हीच कथा आहे. आपल्या गरजेपैकी पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आपण बाहेरून आणतो. २०२२-२३ मध्ये त्यासाठी सुमारे १५७ अब्ज डॉलर मोजावे लागले. पुढच्याच वर्षी हा खर्च सुमारे १३३ अब्ज डॉलरवर आला. आपण गाड्या कमी चालविल्या काय? मुळीच नाही. दोन्ही वर्षी तेल सुमारे २३ कोटी टनच आले. युक्रेनच्या युद्धानंतर चढलेला भाव उतरला, एवढेच झाले. म्हणून आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारावा: हे पैशांत आहे की वजनात? कापडाच्या दुकानात विक्रीची रक्कम वाढली पण मीटर घटले, तर मालक पेढे वाटत नाही. तो गिऱ्हाईक कोठे गेले याचा शोध घेतो.

गेल्या वर्षी याच महिन्यात काय होते?

बातम्यांमध्ये टक्केवारी बहुधा आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेल्या तुलनेची असते. ही पद्धत योग्यच आहे, कारण व्यापाराला ऋतू असतात. मार्च महिन्यात निर्यातदार वर्षाचे लक्ष्य गाठण्यासाठी माल रवाना करतात आणि एप्रिलमध्ये हात सैल पडतो. मार्च २०२५ मध्ये निर्यात सुमारे ४२ अब्ज डॉलर होती, एप्रिलमध्ये ती सुमारे ३८.५ अब्जांवर आली. यात घाबरण्यासारखे काही नव्हते. फेब्रुवारी तर मुळातच लहान महिना. २०२४ मध्ये तो एकोणतीस दिवसांचा होता आणि २०२५ मध्ये अठ्ठावीस दिवसांचा, एवढ्यानेही तुलनेत फरक पडतो.

पण वार्षिक तुलनेतही एक खोच आहे. गेल्या वर्षीचा तो महिनाच जर असामान्य असेल, तर या वर्षीची टक्केवारी फसवी निघते. २०२५ सालच्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या महिन्यांइतके याचे चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून भारतीय मालावर एकूण पन्नास टक्के आयातशुल्क लावले होते आणि साऱ्या व्यापारी जगताचे डोळे या आकड्यांकडे लागले होते. ऑक्टोबरची निर्यात सुमारे ३४.४ अब्ज डॉलर निघाली. आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ बारा टक्के कमी. शुल्काने निर्यातीचा कणा मोडला, अशी हाकाटी झाली. महिन्याभरात नोव्हेंबरचा आकडा आला. निर्यात सुमारे ३८.१ अब्ज डॉलर, म्हणजे एकोणीस टक्क्यांहून अधिक वाढ. आता शुल्काला आपण पुरून उरलो, असा जल्लोष झाला.

दोन्ही वेळा घाई झाली. २०२४ चा ऑक्टोबर निर्यातीसाठी फार चांगला गेला होता आणि त्याच वर्षीचा नोव्हेंबर फार मंद. त्यामुळे २०२५ मध्ये पहिल्या महिन्याची तुलना उंच पायरीशी झाली आणि दुसऱ्याची खोल पायरीशी. त्यात दिवाळीही सरकलेली. २०२४ मध्ये ती ऑक्टोबरच्या अखेरीस व नोव्हेंबरच्या आरंभी आली, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच. कारखाने, गोदामे आणि वाहतूक यांच्या सुट्ट्या कोणत्या महिन्यात पडल्या, यावर त्या महिन्याची बेरीज ठरते. आता दोन्ही महिने एकत्र करून पाहा. २०२५ चे दोन महिने मिळून सुमारे ७२.५ अब्ज डॉलर, २०२४ चे दोन महिने मिळून सुमारे ७१ अब्ज डॉलर. वाढ जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास. कणा मोडला नव्हता आणि विजयही झाला नव्हता. गाडी चढावर होती आणि हळू चालली होती.

सोन्याने त्याच दोन महिन्यांत आणखी मोठा खेळ केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक बाजारात सोन्याने प्रथमच प्रति औंस ४,००० डॉलरचा टप्पा ओलांडला आणि सणाच्या तोंडावर सुमारे १४.७ अब्ज डॉलरचे सोने आले. तूट सुमारे ४१.७ अब्ज डॉलर झाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरचा तो मूळ विक्रमही मागे पडला. पुढच्याच महिन्यात सोन्याची आयात ४ अब्ज डॉलरच्या आसपास उतरली आणि तूट सुमारे २४.५ अब्जांवर आली. तीस दिवसांत देश बुडाला आणि तरला, असे कोणी म्हणेल काय? सणापूर्वी भरलेला माल सणानंतर पुन्हा भरत नाहीत, हे किराणा दुकानातल्या नव्या पोरालाही कळते.

एकच माल, दोन रकाने

आयात म्हणजे खर्च आणि निर्यात म्हणजे कमाई, अशी सोपी विभागणी आपण मनात करून ठेवतो. हिऱ्याच्या धंद्यातील कुटुंबांना यातला फोलपणा सांगायला नको. कच्चा हिरा अँटवर्प किंवा दुबईहून येतो आणि आयातीच्या रकान्यात बसतो. सुरतेत त्याला पैलू पडतात, मुंबईच्या भारत डायमंड बोर्समधून तो विकला जातो आणि निर्यातीच्या रकान्यात जातो. आयात कमी झाली म्हणून आनंद मानावा, तर काही महिन्यांनी निर्यातही कमी होणार असते.

२०२३ साली नेमके हेच घडले. अमेरिका आणि चीन येथील मागणी थंडावली होती, तयार मालाचे साठे पडून होते. तेव्हा हिरे उद्योगातील संस्थांच्या आवाहनानुसार १५ ऑक्टोबर ते १५ डिसेंबर या काळात कच्च्या हिऱ्यांची आयात स्वेच्छेने थांबविण्यात आली. त्या महिन्यांचा आयातीचा आकडा घसरलेला दिसला, पण ती दुर्बळता नव्हती. तो संयम होता. गोदाम भरलेले असताना नवी खरेदी न करणे हा जुन्या व्यापाऱ्यांचा नियम साऱ्या उद्योगाने मिळून पाळला होता.

मात्र एका महिन्याच्या आकड्याला भुलू नये, याचा अर्थ वर्षांच्या आकड्यांकडे डोळेझाक करावी असा नाही. पैलू पाडलेल्या हिऱ्यांची निर्यात २०२१-२२ मध्ये सुमारे २४ अब्ज डॉलर होती आणि २०२४-२५ मध्ये ती सुमारे १३ अब्ज डॉलरवर आली. तीन वर्षांत जवळजवळ निम्मी. ही लाट नव्हे, पाणीच ओसरले आहे. प्रयोगशाळेत तयार होणारे हिरे, चीनमधील बदललेली आवड आणि पाश्चात्त्य देशांतील मंदावलेली मागणी यांचे हे एकत्रित फळ आहे. एखाद्या महिन्यात निर्यात दहा टक्क्यांनी वाढली, अशी बातमी वाचून ज्याने मुलाच्या नावे नवा कारखाना काढला, त्याने महिना वाचला पण वर्षे वाचली नाहीत. मासिक आकडा दोन्ही बाजूंनी फसवितो. तो वाईट असताना उगाच घाबरवितो आणि चांगला असताना उगाच धीर देतो.

कच्च्या तेलाचे गणितही असेच दुपदरी आहे. जामनगरसारख्या ठिकाणी ते शुद्ध होते आणि डिझेल, पेट्रोल, विमानाचे इंधन या रूपांत त्यातील काही भाग पुन्हा परदेशी जातो. म्हणूनच सरकारी पत्रकात तेल आणि जडजवाहीर वगळून उरलेल्या मालाचा वेगळा आकडा दिलेला असतो. वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो क्वचितच येतो. देशातील कारखाने आणि शेती यांची नाडी मात्र त्याच आकड्यात अधिक स्पष्ट लागते.

आदेशाने बदलणारे आकडे

काही आकडे बाजाराने नव्हे, तर सरकारी आदेशाने बदलतात. नाशिक जिल्ह्यातील कांद्याची उलाढाल जवळून पाहणाऱ्यांना याचा अनुभव आहे. २०२२-२३ मध्ये देशातून सुमारे २५ लाख टन कांदा बाहेर गेला. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली, ती मे २०२४ च्या आरंभी उठली आणि उठतानाही किमान निर्यातमूल्य व चाळीस टक्के शुल्क यांची अट घेऊन आली. २०२३-२४ ची निर्यात सुमारे १७ लाख टनांवर थांबली. शुल्क पूर्णपणे निघाले ते १ एप्रिल २०२५ रोजी. या मधल्या काळातील घट पाहून परदेशात आपल्या कांद्याला मागणी उरली नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण बंदीच्या महिन्यांत गिऱ्हाइकांनी इतर देशांचे दार ठोठावले आणि त्यांतील सर्वच परत आले नाहीत, हेही तितकेच खरे. आकड्यात बंदीची तारीख दिसते, गिऱ्हाईक तुटल्याची दिसत नाही.

डाळींचा व्यापार करणाऱ्यांना उलट दिशेचा अनुभव आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त झाली आणि ही सवलत पुढे वारंवार वाढविण्यात आली. म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेतून येणाऱ्या तुरीचेही तसेच. परदेशी डाळीची आवक वाढली की शहरातील गृहिणीला दिलासा मिळतो आणि लातूर-अकोल्याच्या बाजार समितीत तूर विकायला आलेल्या शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडते. आयातीचा तोच आकडा एका घरात चांगली बातमी असतो आणि दुसऱ्या घरात वाईट. मधे उभ्या असलेल्या आडत्याला दोन्ही घरांशी व्यवहार करावा लागतो, म्हणून त्याने आकड्यामागची अधिसूचना आधी वाचावी.

तूट म्हणजे तोटा नव्हे

आता त्या सर्वांत भयंकर वाटणाऱ्या शब्दाकडे वळू. २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे ४३७ अब्ज डॉलरचा माल निर्यात केला आणि सुमारे ७२० अब्ज डॉलरचा माल आयात केला. तूट सुमारे २८३ अब्ज डॉलर. एखाद्या पेढीची अशी अवस्था असती तर तिने केव्हाच दिवाळे काढले असते, असे मनात येते. पण हा फक्त मालाचा हिशेब आहे. त्याच वर्षी संगणक सेवा, सल्लासेवा, वाहतूक यांसारख्या सेवांच्या व्यवहारात आपल्याला सुमारे १८८ अब्ज डॉलरची वरकड मिळाली. परदेशात राहणाऱ्या भारतीयांनी सुमारे १३५ अब्ज डॉलर घरी पाठविले. दुसरीकडे व्याज आणि नफा म्हणून काही रक्कम बाहेर गेली. हे सर्व जमा-नावे धरून रिझर्व्ह बँकेने काढलेली चालू खात्यावरील तूट सुमारे २३ अब्ज डॉलर होती, म्हणजे देशाच्या सकल उत्पन्नाच्या ०.६ टक्के. दुकानाचा गल्ला रिकामा दिसत असला, तरी नोकरी करणाऱ्या मुलीचा पगार आणि परदेशातील मुलाचे पैसे याच घरात येत असतात.

यावरून निर्धास्त व्हावे असेही नाही. चीनबरोबरच्या व्यापारात त्याच वर्षी आपली तूट सुमारे ९९ अब्ज डॉलर होती. यंत्रे, सुटे भाग, औषधांचा कच्चा माल यांसाठी एकाच पुरवठादारावर इतके अवलंबून राहणे कोणत्याही व्यापाऱ्याला पटणारे नाही. आयात केलेले यंत्र उद्या माल तयार करते. आयात केलेले सोने बहुतांशी तिजोरीत निजते. म्हणून तूट किती, यापेक्षा ती कशामुळे आहे, हा प्रश्न अधिक मोलाचा.

आणि देशाची बेरीज चांगली असली तरी आपल्या ओटीवर उजेड पडेलच असे नाही. अमेरिकेकडे जाणारी आपली निर्यात मे २०२५ मध्ये सुमारे ८.८ अब्ज डॉलर होती, सप्टेंबरमध्ये ती सुमारे ५.५ अब्जांवर उतरली आणि नोव्हेंबरमध्ये ७ अब्जांच्या घरात आली. या सावरण्यात स्मार्टफोनसारख्या, वाढीव शुल्कातून वगळलेल्या मालाचा हातभार होता. तिरुप्पूरचे होजिअरीवाले, आंध्रातील कोळंबी उत्पादक आणि सुरतेतील हिरे कारागीर यांना मात्र शुल्काचा पूर्ण भार सोसावा लागत होता. सरासरीच्या सावलीत अशी अनेक घरे झाकून जातात.

पंधरा तारखेचे पाच प्रश्न

तर मग पुढच्या वेळी हा आकडा हाती आल्यावर काय करावे? फार विद्वत्तेची गरज नाही. वाढ किमतीत आहे की वजनात? गेल्या वर्षीचा हाच महिना कसा गेला होता आणि सण कोठे पडला होता? सोने आणि तेल बाजूला ठेवल्यावर काय उरते? मधल्या काळात शुल्काचा किंवा बंदीचा एखादा आदेश निघाला आहे काय? आणि गेल्या महिन्याचा आकडा या वेळी बदलला आहे काय? हे पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत उचल वाढवू नये आणि दुकानही आवरू नये. शक्य असल्यास तीन महिन्यांची सरासरी पाहावी आणि मोठा निर्णय असेल तर तीन वर्षांची.

याहूनही एक सोपी कसोटी आहे आणि ती काकांनी त्या सकाळी लावली होती. देशाचा आकडा आपल्या वहीशी ताडून पाहावा. दोन्ही जुळले तर ठीक. जुळले नाहीत तर दोहोंपैकी एक चुकले आहे, किंवा आपण काही तरी पाहिलेले नाही. दोन्ही परिस्थितींत चौकशी करणे हाच पहिला धर्म.

पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरील शुल्क वाढले नाही, ते सहा टक्केच राहिले. पुतण्याचा अंदाज चुकला. पण नव्या वर्षात जगभर सोन्याचा भाव मात्र चढत गेला. एके दिवशी पुतण्या काहीशा घुश्शातच म्हणाला, “काका, तेव्हा माल भरला असता तर चार पैसे मिळाले असते.”

काका म्हणाले, “मिळाले असते, नाही म्हणत नाही. पण तू शुल्क वाढेल म्हणून घेणार होतास, आणि वाढला भाव. उत्तर बरोबर आले म्हणून रीत बरोबर होत नाही. पुढच्या खेपेस याच रीतीने उत्तर चुकले असते, आणि तेव्हा बँकेचे व्याज थांबले नसते.”

मग त्यांनी त्या दिवसाचा रोजमेळ पुढे ओढला आणि पुतण्याला ताळा करायला सांगितले. तीनशे वीस रुपयांचा फरक येत होता. तो सापडेपर्यंत दोघांपैकी कोणीही गादीवरून उठले नाही.